नीरेच्या डाव्या काठाने

पृथ्वीच्या पाठीवर जिथे जिथे सोन्याच्या वार्तेने माणसांचे लोंढे धावले, तिथे ती धाव ओसरून गेल्यानंतर तिच्या खुणा पाहण्यासाठी पुढच्या पिढ्यांची पावले वळत आली आहेत. कॅलिफोर्नियात १८४८ साली एका करवतगिरणीच्या पाटात सोन्याचे कण चमकले आणि वर्षभरात देशोदेशींची माणसे त्या डोंगरांकडे लोटली; ऑस्ट्रेलियात बॅलारात येथे १८५१ साली तेच घडले; आपल्या दक्षिणेस कोलारच्या भूमीत एका इंग्रज कंपनीने १८८० च्या सुमारास यंत्रे उभी केली आणि २००१ साली ती खाण बंद होईपर्यंत तिथल्या मातीचे उपसलेले ढिगारे टेकड्यांएवढे झाले. या स्थळी आज प्रवासी जातात, गंजलेली चक्रे, ओस पडलेल्या चाळी आणि खाणकामगारांची स्मशाने पाहतात, आणि द्रव्याच्या आशेने मनुष्य किती दूर जाऊ शकतो याचा विचार करीत परततात. कॅलिफोर्नियाच्या हकीकतीतील एक तपशील मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. तेथील खाणवाल्यांनी सोने धुण्यासाठी डोंगराच्या कडेकडेने मैलोगणती जे पाट खोदले, त्यांपैकी कित्येक पाट सोने संपल्यावर फळबागांना पाणी देऊ लागले. तिथे पाणी सोन्याच्या मागून आले. आमच्या नीरा खोऱ्यात पाणी आधी आले आणि त्याच्या मागून सोन्याची धाव सुरू झाली, एवढाच काय तो क्रमाचा फरक.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या भूमीत सोने नाही. खणले तर मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. तथापि १८८५ पासून पुढील अर्धशतकात येथे जे घडले त्याची सर्व अंगे सोन्याच्या मुलुखांच्या इतिहासाशी जुळतात. दुसऱ्या परगण्यातून कसबी माणसे आली, पडीक जमिनीला मोल चढले, पेठा वाढल्या, मालाच्या ओढीने रूळ पडले, भाव चढले आणि कोसळले, जमिनीचा मोठा तुकडा कायमचा नासला, मागाहून मोठ्या भांडवलाची कंपनी आली, आणि सर्वांत शेवटी, जिच्या अंगमेहनतीवर हा सारा पसारा उभा राहिला ती मजुरांची फौज नजरेआड राहिली. फरक आहे तो असा की आमच्याकडील धाव अद्याप थांबलेली नाही; आणि जी गोष्ट चालू आहे तिला कोणी पुराणवस्तू म्हणत नाही, म्हणून तिच्या खुणांभोवती कुंपण पडले नाही, त्यांवर फलक लागला नाही, त्यांना कोणी वारसा मानले नाही. माझे आजोळ नीरेच्या डाव्या कालव्याखालचे. लहानपणापासून त्याच्या भरावावरून मी चाललो आहे, आणि वय वाढत गेले तशी ही उपेक्षा मला अधिकाधिक खटकत गेली आहे.

कालव्यापूर्वीचा हा प्रदेश डोळ्यांसमोर आणल्यावाचून नंतरचे काही उमगणार नाही. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यामुळे पूर्वेकडील या पठारावर सरासरी वीस इंचांच्या आसपास पाणी पडते, आणि त्याचाही भरवसा नसतो. भीमेच्या आणि नीरेच्या थडीचे वैभव एके काळी तिच्या काटक तट्टांत होते. मराठ्यांच्या घोडदळात भीमथडीच्या तट्टाची कीर्ती दूरवर पसरली होती. इंदापूर हा मालोजीराजे भोसल्यांच्या जहागिरीतला परगणा, आणि त्यांची गढी आजही कसब्यात दाखविली जाते. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने येथे जमाबंदी लावली ती इतकी जड होती की कित्येक गावांतील रयत जमिनी टाकून परमुलुखात निघून गेली; आणि म्हणूनच पैमाशीच्या नव्या पद्धतीचा आरंभ करताना गोल्डस्मिड व विंगेट या दोन तरुण अंमलदारांनी १८३५-३६ साली हाच इंदापूर तालुका निवडला. जमिनीचा मगदूर पाहून प्रत लावायची, आकार हलका ठेवायचा आणि तो तीस वर्षे कायम करायचा, ही जी पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात चालली, तिचा श्रीगणेशा इंदापुरात झाला. महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास लिहिताना या गावाचे नाव पहिल्या पानावर यावयास हवे. कसब्यात मात्र या घटनेची एकही खूण मला कधी दिसली नाही.

आकार हलका झाला तरी सावकार हलका झाला नाही. बारामतीच्या वायव्येस सुपे हे गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे आणि सुपे या जोडनावातले ते हे सुपे. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतील कुणबी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने व घरे फोडून कर्जरोखे, गहाणखते आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून ज्यांची इतिहासात नोंद आहे, ज्यांच्यापायी चौकशीसाठी कमिशन बसले आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला, त्यांची ठिणगी येथे पडली. दंग्याची राख निवते न निवते तोच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ कोसळला. या दोन आघातांनी सरकारच्या मनावर एक गोष्ट ठसविली, की रयतेला जगवायचे असेल तर तिच्या रानात पाणी पोहोचविले पाहिजे, आणि सारा वसूल व्हावयाचा असेल तरीही तेच केले पाहिजे.

त्यातून नीरेचा डावा कालवा जन्मास आला. भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघर येथे दगडी धरण बांधून पावसाळ्याचे पाणी अडवायचे, ते नदीच्या पात्रातून खाली वीरच्या बंधाऱ्यापर्यंत आणायचे, आणि तेथून डाव्या तीराने सुमारे शंभर मैल लांबीच्या कालव्यात वळवून पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून न्यायचे, अशी ही योजना. १८८५ साली कालव्याला पाणी सुटले. धरणाचे काम त्यानंतर काही वर्षांनी पुरे झाले आणि त्या जलाशयास व्हाइटिंग या इंजिनिअराचे नाव मिळाले. पुढे हे धरण अपुरे पडू लागल्यावर तेथेच अधिक उंच असे लॉइड धरण १९२८ साली बांधून झाले. समपातळीची रेषा धरून डोंगरसोंडांना वळसे घालीत, ओढ्यांना पुलावरून ओलांडीत हा जलमार्ग पूर्वेकडे असा सरकतो की त्याच्या काठाने चालणाऱ्यास उतार जाणवतही नाही. आणि जाणवू नये एवढ्या उतारावर शंभर मैल पाणी वाहवून नेणे हेच तर त्या काळच्या मोजणीदारांचे कसब होते. घडीव काळ्या दगडांच्या मोऱ्या, चुन्यात बांधलेले पूल, जादा पाणी ओढ्यात सोडणारे सांडवे, मैलाचे दगड, अंमलदारांच्या मुक्कामासाठी बांधलेले कौलारू बंगले, ही सारी बांधकामे आज शतकाहून अधिक काळ उभी आहेत आणि बहुतेक ठिकाणी आपले काम करीत आहेत. एखाद्या किल्ल्याच्या तटबंदीकडे आपण ज्या आदराने पाहतो त्या आदराने या मोऱ्यांकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते. किल्ल्याने राज्य राखले असेल. या मोऱ्यांनी चार पिढ्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

कालवा आला म्हणून रयत आनंदाने धावून गेली असे मात्र घडले नाही. पहिली कैक वर्षे पाणी वाहत होते आणि शेतकरी ते घेत नव्हता. त्याच्या शहाणपणाविषयी संशय घेणारी टिपणे अंमलदारांनी लिहिली. पण कारणे पाहिली तर ती रोकड आणि व्यवहारी होती. काळ्या रानातली शाळू ज्वारी बऱ्या वर्षी ओलीवर पिकते, तिला पाटाचे पाणी लागत नाही. वाईट वर्षी लागते, पण वाईट वर्ष कोणते ते आधी कळत नाही, आणि पाणीपट्टी मात्र रोख भरावी लागते. पाण्याचे मोल चुकते करून वर काही उरेल असे एकच पीक होते, ते म्हणजे ऊस. आणि ऊस म्हणजे वर्षभराहून अधिक काळ शेतात अडकून पडणारे भांडवल. बेणे, शेणखत, पेंडीचे खत, खुरपणी, दहा-बारा दिवसांच्या पाळीने देण्याचे पाणी आणि अखेरीस गुऱ्हाळाचा खर्च, एवढे सारे अंगावर घेण्याची जिरायती कुणब्याची ना ऐपत होती ना सवय. ती सवय होती कऱ्हेच्या वरच्या अंगाला, सासवडच्या माळ्यांना. विहिरीच्या मोटेवर भाजी आणि ऊस पिकविण्यात पिढ्यानपिढ्या मुरलेली ही मंडळी कालव्याची वार्ता ऐकून खाली उतरली, मराठ्यांच्या जमिनी खंडाने धरून त्यांत ऊस लावू लागली, आणि एका गावच्या जमिनीचा कस उतरला की कालव्याच्या काठाने पुढच्या गावी सरकू लागली. माळेगावच्या साखर कारखान्याच्या टापूत राहून अभ्यास केलेल्या डोनाल्ड अ‍ॅटवुड या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेझिंग केन’ या ग्रंथात या स्थलांतराचा मागोवा घेतला आहे. मराठा शेतकरी बांधावर उभा राहून माळ्यांची शेती पाहत होता. दोन-चार हंगामांत त्याने ती विद्या उचलली आणि मग खंडाची मुदत संपल्यावर आपली जमीन स्वतः कसू लागला. माळी पुढे निघाले, नीरेच्या उजव्या कालव्याखाली अकलूजजवळ स्थिरावले, आणि १९३२ साली त्यांनी आपल्या भागभांडवलावर सासवड माळी साखर कारखाना स्थापन केला. त्या वसाहतीस माळीनगर हे नाव पडले. विद्या घेऊन आलेल्या आणि ती मागे ठेवून पुढे गेलेल्या या माणसांचे ऋण बारामतीने कोठेतरी दगडात कोरून ठेवावयास हवे होते.

त्या काळी साखर नव्हती, गूळ होता. आणि गुऱ्हाळ ही या सोन्याच्या मुलुखाची खरी टाकसाळ होती. आता या खोऱ्यातील गुऱ्हाळे बहुतेक मोडली आहेत, परंतु माझ्या आजोळी ज्या रानात ते बसत असे तेथली माती अजून इतरांहून काळपट आहे आणि नांगराला क्वचित चुलवाणाची भाजकी वीट लागते. थंडीचे दिवस पडले की चरक उभा राही. पूर्वी तो लाकडी असे, पुढे लोखंडी लाटांचा आला. बैल त्याभोवती मध्यरात्रीपासून फिरत. एक माणूस चरकात ऊस देई, दुसरा चिपाडे ओढून वाळत घाली, तिसरा चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळल्या चिपाडांचा जाळ घाली, आणि काहिलीपाशी गुळव्या उभा असे. हा गुळव्या म्हणजे साऱ्या हंगामाचा नियंता. रस तापू लागला की भेंडीच्या झाडांचा चिकट निवळ घालून तो मळी वर आणी आणि झाऱ्याने काढून टाकी. मग उकळीचा रंग, बुडबुड्यांचा आकार आणि वासातला पालट यांवरून आधण केव्हा उतरवायचे ते ठरवी. थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाही. क्षणभर आधी उतरले तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर गूळ काळवंडतो आणि बाजारात त्याचा भाव पडतो. वर्षाच्या साऱ्या कष्टांचे मोल त्याच्या दोन बोटांच्या चिमटीत येऊन ठरे. तापमापक, पुस्तक, पाठशाळा यांतले काहीच त्याच्यापाशी नव्हते. ही विद्या ज्यांच्यापाशी आहे अशी वृद्ध माणसे आता फार थोडी उरली आहेत आणि तिची सविस्तर नोंद होण्याआधी ती जातील याची मला चिंता वाटते. गुऱ्हाळावर आलेल्या कोणासही रस, काकवी आणि ताजा गूळ दिल्यावाचून परत पाठवू नये असा रिवाज होता. आजोबा म्हणत, “गुऱ्हाळावरनं रिकाम्या हातानं कुणी गेला तर ढेपीला चव राहत नाही.” आणि ते हे म्हणत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ज्याचा गूळ पेठेत नावाने विकला जातो अशा माणसाचा अभिमान असे.

ती पेठ बारामतीची. गूळ येऊ लागण्याआधीही बारामतीस प्रतिष्ठा होती, पण ती निराळ्या प्रकारची. पेशव्यांचे सोयरे असलेल्या बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत येथे राहिले, आर्याभारतासारखी प्रचंड रचना त्यांनी येथे केली आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. कऱ्हेच्या काठावरील नाइकांचा वाडा आणि सिद्धेश्वराचे व काशीविश्वेश्वराचे देवालय पाहताना एका सरदारी कसब्याचे शांत, विद्याव्यासंगी रूप मनात उभे राहते. त्याच कसब्यात विसाव्या शतकाच्या आरंभी गुळाच्या ढेपांनी भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. अडते आले, तोलार आले, पेंडीचे आणि लोखंडी चरकांचे व्यापारी आले. ज्या सावकारीविरुद्ध सुप्याला वह्या जळाल्या तीच सावकारी आता अडतीच्या रूपाने गुळावर उचल देऊ लागली. १९१४ साली दौंडपासून बारामतीपर्यंत अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. सत्तावीस मैलांचा हा फाटा घालण्याइतका माल या रुक्ष पठारावर निर्माण होतो, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी सांगितली असती तर इंदापूरच्या मामलेदारानेही खरी मानली नसती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गुळाचे भाव चढले तेव्हा खोऱ्यात दुमजली घरे उठली. जुन्या गावठाणांत, सागवानी तुळया आणि कोरीव कमानी असलेली, खालच्या मजल्यावर गुळाची कोठी असलेली ती घरे अजून आढळतात. पुढे भाव उतरले तेव्हा त्यांतली काही गहाण पडली. नाइकांच्या वाड्याची डागडुजी होते याचा मला आनंदच आहे. या घरांच्या तुळया मात्र मोडीच्या भावाने विकल्या जात आहेत.

या पाण्याला शिस्त लावण्याचा एक मोठा प्रयत्न येथे झाला आणि तो करणारा पुरुष पुढे जगद्विख्यात झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मुंबई सरकारच्या नोकरीत असताना १८९९ च्या सुमारास पुण्याच्या पाटबंधारे खात्यावर आले. पाणी वरच्या गावांनी भरमसाट घ्यावे, खालच्या गावांना ते मिळू नये आणि जिथे मिळते तिथे जमिनी कुजाव्यात, ही अवस्था पाहून त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धतीचा पुरस्कार केला. प्रत्येक गावची निवडक, निचऱ्याची जमीन एकत्र आखायची, तिला दीर्घ मुदतीचा परवाना द्यायचा, तिच्यातल्या ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि उरलेल्या भागात इतर पिके फेरपालटाने घ्यावयाची, म्हणजे पाणी अधिक गावांत पसरेल आणि जमीन शाबूत राहील, असा तो विचार. रयतेने प्रथम विरोध केला, वर्तमानपत्रांनी टीका केली, आणि कालांतराने तिचे फायदे दिसल्यावर लोकांनी ती स्वीकारली. याच विश्वेश्वरय्यांनी पुढे म्हैसूर संस्थानात कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचा आग्रह धरला तेव्हा कोलारच्या सुवर्णखाणींना लागणाऱ्या विजेची गरज हे त्यांचे एक प्रबळ कारण होते. नीरेचे पाटाचे पाणी आणि कोलारचे सोने ही दोन्ही एका माणसाच्या आयुष्यात अशी जोडलेली आहेत.

परंतु शिस्त उशिरा आली, आणि अपुरी आली. सोन्याच्या मुलुखात जसे उपसलेल्या मातीचे ढिगारे, तसे या खोऱ्यात चोपण रान. कालव्याच्या मातीतून झिरपणारे आणि उसाला वाजवीपेक्षा अधिक दिलेले पाणी जमिनीच्या पोटात साठत गेले, भूजलाची पातळी वर आली, खालच्या थरांतले क्षार तिच्याबरोबर वर चढले आणि उन्हाने पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर पांढरे मीठ फुलले. हे घडण्यास कालव्यानंतर पुरती पंचवीस वर्षेही लागली नाहीत: हॅरल्ड मॅन आणि ताम्हाणे या मुंबई सरकारच्या शेती खात्यातील शास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवरील आपली पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली. पुढे चर खणून निचरा करण्याचे प्रयोग झाले. काही रान सुधारले, काही कधीच सुधारले नाही. आजोळच्या शिवारात ओढ्याच्या कडेला असा एक सखल तुकडा आहे. उन्हाळ्यात तो दुरून चुना विस्कटल्यासारखा दिसतो, पावसाळ्यात त्यावर पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुततो, आणि वेडी बाभूळ व लव्हाळा यांखेरीज तिथे काही तग धरीत नाही. मामांनी मला तो दाखविताना सांगितले, की त्यांच्या आजोबांच्या वेळी शिवारातला सर्वांत चांगला ऊस याच रानात येत असे, कारण पाणी इथे आपण होऊन उतरत असे. मला विचाराल तर नीरा खोऱ्यातील सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक स्थळ हे आहे. कालव्यावरचा प्रत्येक शेतकरी आणि प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी त्या रानाच्या बांधावर उभा राहिला पाहिजे; कारण ही हानी शत्रूने केली नाही, दुष्काळाने केली नाही, सुबत्तेने केली, आणि तिचे कारण छापील पुस्तिकेत उपलब्ध असतानाही तीच हानी पुढे दुसऱ्या कालव्यांखाली होत राहिली.

१९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि धावेचे दुसरे पर्व सुरू झाले. व्यक्ती मागे पडून कंपनी पुढे आली. इंदापूर तालुक्यात कळंब गावच्या परिसरात वालचंद हिराचंद यांनी हजारो एकरांची शेती आणि साखर कारखाना यांची वसाहत उभारली, तेच वालचंदनगर. सोलापूरचा हा उद्योजक, ज्याच्या भागीदारीतील ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी इंग्रजांच्या मक्तेदारीला आव्हान देत मुंबईहून लंडनला निघाले, तो नीरेच्या काठी माळरानावर गाव वसवितो ही घटनाच त्या काळच्या उमेदीची साक्ष आहे. आखीव रस्ते, कामगारांच्या चाळी, शाळा, इस्पितळ, जैन मंदिर, आणि कारखान्याच्या दुरुस्तीसाठी काढलेली कर्मशाळा. हीच कर्मशाळा वाढत वाढत दुसऱ्या कारखान्यांसाठी यंत्रे घडवू लागली आणि अखेर तिथे अंतराळात जाणाऱ्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. १९६१ च्या जमीनधारणेच्या कायद्याने कंपनीची शेती सरकारकडे गेली आणि ती शेती महामंडळाकडे सोपविण्यात आली. महामंडळाच्या रानातील ओस इमारती पाहताना ज्या शेतकऱ्यांनी आपली जमीन कंपनीस खंडाने दिली होती, त्यांच्या वारसांनी ती परत मिळावी म्हणून केलेल्या अर्ज-विनंत्यांचे गठ्ठे माझ्या डोळ्यांपुढे येतात.

सहकाराचे पर्व सर्वश्रुत आहे, म्हणून त्याचा येथे केवळ उल्लेख करतो. प्रवरानगरचा दीप पेटल्यावर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखान्यांची धुराडी उठली आणि गुऱ्हाळे विझत गेली. मला त्याहून बोलके वाटते ते गावांतले एक साधे संभाषण. या भागात पाहुण्याचे गाव विचारताना अजून विचारतात, “कालव्याच्या वरचे का खालचे?” कालव्याची रेषा हीच येथली खरी सीमा आहे. तिच्या खाली नीरेपर्यंत बागाइत, पक्की घरे, उसाचे बिल. तिच्या वर, अवघ्या हाकेच्या अंतरावर, जिरायत, मेंढरे आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. एकाच देवाच्या जत्रेला येणाऱ्या दोन गावांचे दैव दीडशे वर्षांपूर्वी एका मोजणीदाराच्या दुर्बिणीने निराळे केले, आणि खालच्या गावातली मुलगी वरच्या गावात देताना बाप अजूनही दोनदा विचार करतो.

पाण्याचा हव्यास एकट्या नीरेवर थांबला नाही. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेची गावेच्या गावे जलाशयाखाली गेली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथाचे देऊळ त्यांत बुडाले. पाणी फार ओसरते त्या वर्षी त्याचे शिखर व मंडप बाहेर येतात आणि उठून गेलेल्या गावची माणसे चिखल तुडवीत दर्शनास जातात. भिगवणच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांना पाहण्यास पुण्या-मुंबईची मंडळी येतात. या मंडळींपैकी फारच थोड्यांना आपण कोणाच्या शेतावरून नाव वल्हवीत आहोत याची कल्पना असते. नावाड्यांना मात्र ती असते, आणि विचारले तर ते जुन्या चावडीची, जुन्या विहिरीची जागा पाण्यावर बोट ठेवून दाखवितात. तालुक्याच्या पूर्व टोकास नीरा नरसिंहपूर आहे. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी बांधलेल्या देवालयाच्या घाटावरून नीरा-भीमेचा संगम दिसतो. उन्हाळ्यात तिथे नीरेचे पात्र पाहावे. तिचे पाणी दोन्ही तीरांच्या कालव्यांत वाटून गेलेले असते आणि संगमाला येणारी नदी बहुधा वाळूतून वाट काढीत येते.

आता ज्यांच्याविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे त्यांच्याकडे येतो. सोन्याची धाव या शब्दांचा जो मूळ अर्थ, दूरदेशीच्या गरजू माणसांचा लोंढा, तो अर्थ या खोऱ्यात दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अक्षरशः खरा होतो. बीडकडची, नगरच्या पूर्वेकडची ऊसतोडीची माणसे आपल्या लेकराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह, कुठे बैलगाड्यांतून, कुठे ट्रॅक्टरच्या जोडगाडीतून येथे उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. पहाटेच्या दवात दोघे फडात शिरतात, एक तोडतो, दुसरी वाढे छाटून मोळी बांधते, आणि रात्री उशिरापर्यंत गाडी भरणे चालते. पाचटाच्या कोप्यांत सहा महिने संसार होतो, मुलांची शाळा सुटते, बाळंतपणेही तिथेच होतात. पावसाळ्यापूर्वी ही माणसे परततात आणि कोप्यांच्या जागी पुन्हा नांगर फिरतो. कॅलिफोर्नियाच्या खाणकामगाराची निदान झोपडी जपलेली आहे आणि कोलारच्या मजुराची चाळ उभी आहे. शंभर वर्षे हे खोरे ज्यांनी तोडले आणि वाहिले त्यांच्या वस्तीची एक वीटही कोठे नाही. त्यांची नावे लिहिलेली असतात ती एकाच ठिकाणी, मुकादमाच्या वहीत, घेतलेल्या उचलीपुढे. फेडता न आलेली उचल पुढच्या सालच्या वहीवर चढते आणि जुनी वही रद्दीत जाते. इंदापूरच्या पैमाशीचे कागद सरकारी दप्तरात सुरक्षित आहेत, सुप्याच्या दंग्याची कमिशनची बाडे छापून झालेली आहेत. त्याच दप्तरात, त्याच फडताळावर, या वह्यांनाही जागा मिळाली पाहिजे. बारामतीत आज मोठी महाविद्यालये आहेत, इतिहासाचे आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांतले काही ऊसतोडीच्या घरांतूनच आलेले आहेत. येत्या हंगामात त्यांनी टोळ्यांच्या तळावर जाऊन मुकादमांकडून जुन्या वह्या मागून घ्याव्यात.